जरा मोठ्याने बोल, पोरी

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज दुकान उघडलं. पायऱ्या झाडल्या, काउंटरची काच पुसली, कपाटातल्या फ्रेम सरळ केल्या. सकाळी स्क्रू घट्ट करायला एकदोघं आली. एका बाईंच्या चष्म्याची काडी बदलली. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी शटर ओढलं, घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

बेबी, अक्काने तुला फोन करून तिच्या भावाचं, बॅरिस्टरचं, सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. सांगून झाल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला होता. मी हातानेच नको म्हटलं. तुला ते कळायचं काही कारण नाही, म्हणून लिहितो.

झालं ते असं. ४ तारखेच्या शुक्रवारी दुपारी तो एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता. मी मागे फळीच्या आड नेहमीप्रमाणे काचा घासत होतो. एकदम त्याचा आवाज आला, "बाई, तुमची फ्रेम सरळ आहे. मीच कलंडतोय." बाई हसल्या. त्या हसत असतानाच तो स्टुलावरून खाली आला. त्याच बाईंनी रिक्षा आणली. मी नुसता त्याचं डोकं धरून बसलो होतो.

इस्पितळात तो चारपाच दिवस होता. हृदयाचं दुखणं होतं. डॉक्टर तरुण आहेत, फार गंभीर. पहिल्याच दिवशी ते नाडी बघायला वाकले तर हा म्हणतो, "डॉक्टर, तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. तुम्हाला मी तिरका दिसत असणार. आधी तो द्या इकडे, मग माझं काय ते निदान करा." नळ्या लावलेल्या हातांनी त्याने काडी वाकवून सरळ करून दिली. डॉक्टर तसाच चष्मा घालून अख्ख्या वॉर्डात फिरले. नंतर मला बाहेर गाठून म्हणाले, "काका, हा चष्मा घेतल्यापासून कधी इतका नीट बसला नव्हता हो." त्यानंतर त्यांनी मला जे सांगायचं ते सांगितलं.

बुधवारी पहाटे तो झोपेतच गेला.

अंत्यविधीला इतकी माणसं आली की मला अर्ध्यांची नावंही ठाऊक नव्हती. चष्मे मात्र ओळखता येत होते, बहुतेक आपल्याच दुकानातले. सगळ्यांनी डोळे पुसायला ते काढून हातात घेतले, तेव्हा मनात आलं, आत्ता इथे कुणालाच कुणी धड दिसत नाहीये. हे त्याला सांगायला हवं असं वाटून मी वळून पाहिलं. सवयीने.

बॅरिस्टर हे नाव त्याला तुझ्या आईने ठेवलं, ते तुला माहीत आहे का? कायद्याचं पुस्तक त्याने कधी उघडलं नव्हतं. पण आम्ही दोघांनी भागीत दुकान काढलं त्या पहिल्याच वर्षी लोक चष्म्याबरोबर घरची भांडणंही घेऊन यायला लागले. तुझी आई एकदा डबा घेऊन आली, काउंटरपुढची रांग बघितली आणि म्हणाली, "ह्यांतले चष्मेवाले किती आणि बॅरिस्टरसाहेबांचे अशील किती?" तेव्हापासून नाव चिकटलं.

आजचा दिवस बरा गेला. जेवतो वेळेवर. तू काळजी करू नकोस.

बाबा


२६ ऑक्टोबर, शनिवार

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोनदा वाचलं.

परवा गुरुवारी दुपारी, तुझ्या नेहमीच्या वेळी, दुकानातला फोन वाजला, असं समोरचा घड्याळवाला म्हणाला. मी मागे होतो, काचा घासायचं चाक चालू होतं. चाकाच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आता काउंटर आणि चाक दोन्ही मीच बघतो. काउंटरवर माझी तारांबळ उडते. काल एक आजी आल्या. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि लगेच सुनेबद्दल बोलायला लागल्या. मी स्क्रू घट्ट केला, काचा पुसल्या, चष्मा परत दिला. त्यांनी तो घातला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, बॅरिस्टरांनी एवढ्यात माझ्या सुनेचा निकाल लावला असता, आणि वर मलाच दंड केला असता." मी "हो" म्हणालो.

त्याची ती रीत तू लहानपणापासून बघितली आहेस. माणसाचा चष्मा हातात आला की हा विचारायचा, "हं, बोला, काय चाललंय?" आणि चष्मा परत डोळ्यांवर चढला की विषय बंद. मग कुणी कितीही आग्रह केला तरी पुढे बोलायचा नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, "समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतो. दिसायला लागलं की लगेच आपलं तोंड आवरून बसतो. मला खऱ्याचंच तेवढं सांगता येतं, बाकीच्याला वकील वेगळे."

म्हणून तो स्क्रू मुद्दाम सावकाश फिरवायचा. एखाद्याचं दुखणं मोठं असलं तर नाकावरचे पॅड काढून पुन्हा बसवायचा. त्यांना काहीही झालेलं नसायचं.

तो बसचालक तुला आठवतो का, उंच, मिशीवाला? नवरा गेलेल्या एका बाईशी लग्न करावं की नाही म्हणून महिनोन् महिने दुकानात खेपा घालायचा. दर वेळी काही नवीन शंका. तिला मुलगा आहे, लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल. शेवटी बॅरिस्टरने त्याचा चष्मा उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, तुमचा नंबर दीडचा आहे आणि शंका दहाच्या आहेत. इतक्या कमी नंबराला इतकं अंधुक दिसत नाही. तुम्हाला सगळं स्वच्छ दिसतंय. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसलाय, एवढंच." तो माणूस चष्मा घ्यायचा विसरून तसाच बाहेर पडला. मी मागून धावत जाऊन दिला. आज त्यांचा मुलगा कॉलेजात आहे. सगळं कुटुंब परवा येऊन गेलं. चालक काउंटरवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "इथे उभा होतो मी." त्याच्या बायकोने विचारलं, "म्हणजे एवढं ठरवायला तुम्हाला चष्म्याच्या दुकानात यावं लागलं?" मग दोघं हसले आणि दोघं रडले. मी त्यांना चहा मागवला.

तू पत्रात त्याच्या कानाच्या यंत्राचं विचारलं आहेस. शेवटच्या फोनवर बॅरिस्टरकाकांनी एकच गोष्ट तीनदा विचारली, मी वैतागून ओरडले, ते मनातून जात नाही, असं तू लिहितेस. यंत्र ड्रॉवरमध्ये डबीत नीट आहे. तू पाठवलंस त्या दिवसापासून तो ते रोज कानाला लावून बसायचा. येणाऱ्या प्रत्येकाला मान वळवून दाखवायचा, "आमच्या पोरीने पाठवलंय. हिऱ्याची कुडी घालून हिंडतोय असं वाटतं." तुझ्या ओरडण्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. ते मला नक्की माहीत आहे.

थंडी पडायला लागली आहे. तुझ्याकडे जास्त असेल.

बाबा


९ नोव्हेंबर, शनिवार

तुझं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी अक्का दुकानात आली होती. तिला भावाची एखादी वस्तू हवी होती. मी म्हटलं, ड्रॉवर बघ, हवं ते घे. तिला ती डबी सापडली.

"हे काय? हे कुणाचं?"

"त्याचंच," मी म्हटलं.

"कानाचं यंत्र? ह्याला?" अक्का खुर्चीतच बसली. "अरे, तो बहिरा होता? शेजारच्या घरात दूध उतू जायला लागलं तर हा आपल्या अंथरुणातून ओरडायचा, गॅस बंद करा म्हणून! मी देवघरात पुटपुटले तरी बाहेरून उत्तर द्यायचा. जन्मभर माझी सोय नव्हती त्याच्या कानांमुळे. घरी कधी घातलं नाही हे त्याने!"

मी कपाटातल्या फ्रेम सरळ करायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग काउंटरवरच्या फोनकडे, मग मागच्या फळीकडे. हुशार बाई आहे. डबी परत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाली, "हे मला नको. हे ह्या दुकानाचं आहे. आणि तू तिला लिही. तुझ्या तोंडून नाही निघायचं, निदान हाताने लिही."

तू लिहितेस की आता गुरुवारी फोन करण्यात अर्थ नाही, कुणी उचलत नाही, आणि काका नाहीत तर दुकानात आपलं बोलणं ऐकणारं कोण आहे. म्हणून आज सगळं नीट लिहितो. मला वेळ लागेल. वाचून घे.

बॅरिस्टर बहिरा नव्हता. त्याचे कान शेवटपर्यंत ठणठणीत होते.

तू नोकरीसाठी गेलीस, ते मला पटलं नव्हतं, आणि तुला माझं न बोलणं पटलं नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक आहे, त्यात आज शिरत नाही. तू दुकानात फोन करायला लागलीस तो त्याच्यासाठी. पहिल्या वेळी मी मागे चाकावर होतो. चाकाच्या आवाजामुळे त्याला खरोखरच ऐकू आलं नाही, म्हणून तो ओरडून म्हणाला, "काय म्हणालीस? खोली मिळाली? खिडकीची? वा!" ते मला ऐकू आलं. मी चाक थांबवलं.

चाक थांबलं हे त्याच्या ध्यानात आलं असणार. कारण नंतर आवाज नसतानाही तो म्हणत राहिला, "जरा मोठ्याने बोल, पोरी. काय? नळाला दुपारी पाणी नसतं? आणि साहेब कसा आहे? खडूस? म्हणजे किती खडूस?" पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. फोन ठेवला की तो गिऱ्हाइकाकडे वळायचा आणि मी चाक सुरू करायचो. ह्या विषयावर आम्ही एकमेकांशी उघडपणे कधी बोललो नाही. त्याने मला कधी सांगितलं नाही की पोरीचं असं असं आहे. मला विचारावंच लागलं नाही.

तुझी बढती, तुझं टायफॉइडचं आजारपण, तू घर बदललंस ते, तुला गाडी चालवता यायला लागली ते, सगळं मी त्या फळीच्या आड बसून ऐकलं आहे. तुझ्या गाडीचा रंगही त्याने तुझ्याकडून दोनदा वदवून घेतला. पहिल्यांदा एक ट्रक रस्त्यावरून गेला होता आणि मला ऐकू आलं नव्हतं.

मग तू यंत्र पाठवलंस. तो गुरुवार मी विसरणार नाही. पार्सल उघडून तो बघतच राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "बघ, पोरीने माझी कशी पंचाईत केली. हे घातलं आणि तरी ऐकू नाही आलं, तर कंपनीची बदनामी. ऐकू आलं, तर आपलं दुकान बंद." मग त्याने ते बॅटरी न घालता कानाला लावलं आणि फोनवर तुला म्हणाला, "फार फरक पडलाय! आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते. फक्त माणसांचंच जरा पुन्हा सांगावं लागतं." फळीच्या मागे मी तोंडावर हात धरून हसत होतो. असा मी फार कमी वेळा हसलो आहे.

शेवटच्या फोनवर तो तीनदा का विचारत होता, तेही सांगतो. तू मुख्य कचेरीत जाणार म्हणालीस. तो म्हणाला, "कुठे? कधीपासून?" मी मागे आनंदात उठलो आणि काचांचा ट्रे खाली पाडला. त्या खळखळाटात मला पुढचं ऐकू आलं नाही, म्हणून त्याने तुला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. तू ओरडलीस तेव्हा फोनमधूनच मला सगळं नीट ऐकू आलं. त्याला तेच हवं होतं. फोन ठेवून तो मागे डोकावला, फरशीवरच्या काचांकडे बघितलं आणि म्हणाला, "बढती तिची, नुकसान दुकानाचं." तेव्हा ओरडल्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. तू प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचीस, "बाबा कसे आहेत?" ते त्याने मोठ्याने कधीच म्हटलं नाही. फोन संपत आला की तो भिंतीकडे वळून हळू आवाजात बोलायचा. मला वाटायचं, त्याच्या-तुझ्यातलं काही असेल. तू लिहितेस की बाबांना हे का कळू देत नाही असं तू त्याला एकदा विचारलंस, तर तो म्हणाला, "त्याला कळलं की तो सदरा नीट करून ताठ बसेल, आणि मग मला तुला खरं काही सांगता येणार नाही." बरोबर आहे त्याचं. मी तसंच केलं असतं.

त्याने तुला माझ्या खोकल्याचं, माझ्या एकट्याच्या जेवणाचं, तुझी खोली मी तशीच ठेवली आहे त्याचंही सांगितलं होतं, हे वाचून मी पत्र जरा खाली ठेवलं.

आणि मागच्या पत्रातल्या त्या गुरुवारी चाक चालू नव्हतं. घड्याळवाला काही म्हणाला नव्हता. फोन वाजला तेव्हा मी काउंटरपाशीच उभा होतो. हात फोनवर होता. वाजायचा थांबेपर्यंत तसाच होता. नंतरच्या दोन्ही गुरुवारीही.

इस्पितळात तो मला म्हणाला होता, "आता गुरुवारी कोण बहिरं होणार? तुझ्या चेहऱ्याला ते शोभत नाही. तू आपला सरळ फोन उचल." मी म्हटलं, उचलून बोलू काय? तर म्हणतो, "काही बोलू नकोस. 'हं' म्हण. तू एक 'हं' म्हणालास तर तिला महिनाभर पुरेल. पोरगी तुझ्यावरच गेली आहे, फक्त तोंड आईचं घेतलंय." मग नर्स आली आणि त्याने तिला तिच्या चष्म्याबद्दल काहीतरी विचारलं.

तुला वाटलं तर फोन कर. नाही वाटलं तरी मला कळेल.

बाबा


२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दुकान उघडलं. थंडीमुळे गिऱ्हाईक कमी होतं. त्या आजी पुन्हा आल्या. चष्मा माझ्या हातात दिला आणि सुनेचं सुरू केलं. सून बोलत नाही, दिवसभर गप्प असते, घरात कुणी आहे असं वाटतच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी स्क्रू फिरवत होतो. बराच वेळ फिरवला. मग म्हटलं, "आजी, गप्प माणसं ऐकत असतात हो." त्या थांबल्या. चष्मा घातल्यावर मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बॅरिस्टरांइतकं नाही, पण चालेल." जाताना हसत होत्या. मला घाम आला होता.

तुझं पत्र काल आलं. ते मी आधी घरी वाचलं, मग आज दुकानात आणून पुन्हा वाचलं.

म्हणजे तुला माहीत होतं. काका बहिरे नव्हते हे तुला आत्ता माझ्या पत्रातूनच कळलं, त्यावर तू रागावलीस, हसलीस आणि मग रडलीस, ते सगळं ठीक. पण मी ऐकत असतो हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. तू लिहितेस, "बाबा, फोन उचलला की आधी चाकाची घरघर यायची. मी हॅलो म्हटलं की ती बंद व्हायची. दर वेळी. ती बंद झाली की मी बोलायला सुरुवात करायचे." एवढं वाचून मला पुढची ओळ लागेना. चष्मा पुसावा लागला.

इतकी वर्षं मी फळीच्या आड गुपचूप बसतो असं मला वाटत होतं, आणि मीच सगळ्यांत मोठा आवाज करत होतो.

बॅरिस्टरला हे माहीत असेल का? तुला माहीत आहे, हे त्याला माहीत असेल का? मी सकाळपासून विचार करतो आहे. माहीत असणार. त्याच्या कानांतून काही सुटत नव्हतं. आणि तरी तो आपल्या दोघांसाठी दर आठवड्याला बहिरा होत राहिला. गिऱ्हाइकांसमोर होत राहिला. लोक त्याच्या कानाशी येऊन ओरडायचे, तेही त्याने हसून सोसलं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्याबद्दल दुकानात चार शब्द बोला, असं मला सगळे म्हणतात. मी टाळतो. जमलंच कधी तर एवढंच सांगेन.

तू लिहिलं आहेस की आज गुरुवारी दुपारी नेहमीच्या वेळी फोन करीन. हे पत्र तुला मिळेल तेव्हा आजचा दिवस होऊन गेलेला असेल, तरी लिहितो, कारण हात रिकामे ठेवून वाट बघणं मला जमत नाही.

दुपारी घड्याळवाल्याकडून लांब तार आणली आणि फोन काउंटरवरून उचलून मागे फळीच्या आत घेतला. चाकाच्या शेजारी जिथे घासायच्या काचा ठेवतो तिथे जागा करून तो ठेवला आहे. चाकाचं बटण आणि फोन, दोन्ही बसल्या जागी हाताला लागतात, हे बघून घेतलं. समोर दारावर 'मागे आहे, हाक मारा' अशी पाटी लावली. कानाचं यंत्र डबीतून काढून बॅरिस्टरच्या स्टुलावर ठेवलं आहे. त्याला तिथून सगळं ऐकू येईल.

आता वेळ होत आली. आज घासायला काच एकही उरलेली नाही, सगळं काम सकाळीच संपवून टाकलं. पेन खाली ठेवतो आणि नुसतंच चाक सुरू करतो.

बाबा